धडगावचा आमचूर आणि केतकीची शाखा

मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यात जाणार म्हटल्यावर आमच्या शाळेतल्या बाईंनी मला वेड्यातच काढलं. "उन्हाळ्यात सगळं जग दापोलीला येतं, आणि तू उलटी कुठे निघालीस?" मी म्हटलं, मैत्रिणीकडे. ते खोटं नव्हतं. नसरीन आणि मी पुण्याला डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो होतो. ती लग्न होऊन शहाद्याला गेली आणि दर उन्हाळ्यात फोनवर म्हणायची, "सुलू, एकदा येऊन तर बघ आमचं ऊन."

पण खरं कारण वेगळं होतं. माझी मुलगी केतकी बारावीची परीक्षा देऊन घरात बसली होती आणि बाबांशी बोलत नव्हती. भांडण झालं होतं ते पुढे काय शिकायचं यावरून. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठाची परीक्षा तिने दिली होती आणि तिथे तिला जागाही मिळाली होती. आता फक्त शाखा निवडून कळवायची राहिली होती. एकीकडे संगणक अभियांत्रिकी, दुसरीकडे व्यवसाय व्यवस्थापन, आणि मधे एक नवी, लांबलचक नावाची शाखा. तीही अभियांत्रिकीचीच, पण तिच्यात संगणकाबरोबर हिशेब, बाजार, अर्थशास्त्र असले विषय. नाव 'संगणकशास्त्र आणि व्यवसाय प्रणाली'.

केतकीचे बाबा दापोलीत मोटारी बांधण्याचं दुकान चालवतात. पंपाची मोटार जळली की अर्धा तालुका त्यांच्याकडे येतो. ते म्हणाले, "कॉम्प्युटर घे, डोळे मिटून घे." केतकीला प्रोग्रामिंग आवडतं, यात शंका नाही. अकरावीत असताना तिने हर्णैच्या एका घरगुती लॉजची वेबसाइट करून दिली होती. पण वेबसाइट झाल्यावर ती लॉज चालवणाऱ्या मावशींबरोबर तासन्‌तास बसून कुठल्या महिन्यात खोलीचं भाडं किती ठेवायचं यावरच बोलत राहिली. तिला ते जास्त आवडलं की प्रोग्रामिंग, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. बाबांनी जोर धरला तसा तिने उलटा जोर धरला, आणि शेवटी म्हणाली, "मग मी शिकतच नाही यंदा." ते म्हणाले, "नको शिकू." तिथून दोघांचं बोलणं बंद. पोरगी ताटातलं अन्न टाकून उठायला लागली. मला तिची काळजी वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर भीतीही. शाखा कळवायची मुदत पुढच्या सोमवारी पाचपर्यंत होती. मी दोन पिशव्या भरल्या, हापूसची एक पेटी बांधली आणि तिला घेऊन निघाले.

शहादा

नंदुरबार स्टेशनवर उतरलो तेव्हा ऊन म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस भिजतो, इथे वाळतो. शहाद्याला पोचेपर्यंत गळ्यातली ओढणी कडक झाली होती. नसरीनने दारातच दोन तांबे पाणी प्यायला लावलं आणि मग मिठी मारली. केस पांढरे झालेत तिचे, हसणं मात्र वसतिगृहातलंच.

तिचे यजमान इक्बालभाई यांचा आमचूर, चिंच आणि चारोळीचा व्यापार आहे, आजोबांपासूनचा. त्यांच्या बोलण्याचं मला फार कौतुक वाटलं. घरात नसरीनशी हिंदी, दुकानात गिऱ्हाइकाशी अहिराणी, माझ्याशी शाळेतली मराठी, आणि धडगावहून फोन आला की तिथल्या पावरा आदिवासींची पावरी. फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेईपर्यंत भाषा बदललेली असायची.

दुपारी बारा ते पाच शहादा झोपतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आमच्याकडे दुपारी झोपणारा माणूस आळशी ठरतो. इथे न झोपणारा वेडा. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या आणि नसरीनने जेवण आणलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद मिठासकट एकत्र दळलेलं पीठ. भाकरी मऊ, काळसर आणि नुसती खाल्ली तरी चालेल अशी. ठेचा मात्र मी कोकणातल्या चटणीच्या हिशेबाने घेतला. पहिल्या घासाला कान तापले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी. नसरीन म्हणाली, "अगं, तो चाटायचा असतो, खायचा नसतो!" केतकी हसली. किती दिवसांनी हसली, तेही माझ्या फजितीवर. मला ठेच्याचा राग येईना.

हापूसची पेटी उघडली तेव्हा इक्बालभाईंनी एक आंबा हातात घेतला, वास घेतला, कापून खाल्ला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "भाभी, लाजवाब. पण याचा आमचूर होणार नाही." आंबा म्हणजे व्यापाऱ्याच्या नजरेतून कैरी, आणि कैरी म्हणजे आमचूर. आमच्याकडे आंब्याला गवताच्या गादीवर निजवून पुण्या-मुंबईला पाठवतात; इथे कैरी पिकायच्या आतच सोलून, कापून उन्हात टाकतात. केतकीने विचारलं, "पण काका, कुठल्या आमचुराला किती भाव द्यायचा हे तुम्ही कसं ठरवता?"

इक्बालभाईंनी तिच्याकडे पाहिलं. "उद्या मी धडगावला चाललोय, चार दिवस. हंगाम आहे. तुम्ही दोघी आणि ही," त्यांनी नसरीनकडे बोट केलं, "चला माझ्याबरोबर. तिथे थंडही असतं जरा. स्वतःच बघ."

मी मनात सोमवार मोजत होते. पण केतकीने आपण होऊन हो म्हटलं होतं, तेव्हा मी गप्प बसले.

जीपमध्ये

इक्बालभाई मालाच्या टेम्पोतून पुढे गेले आणि आम्ही तिघी वडापच्या जीपने. जीपमध्ये किती माणसं बसतात याचं उत्तर शहाद्यात 'अजून दोन' असं आहे. माझ्या शेजारच्या बाईने कोंबडी मांडीवर घेतली होती. पहिल्या वळणाला कोंबडी तिच्या मांडीवर होती, तिसऱ्याला माझ्या. बाईने ती परत मागितली नाही, मीही दिली नाही. धडगाव येईपर्यंत आम्हा दोघींची ओळख झाली होती.

सपाटीवरची केळी आणि पपई संपली की सातपुडा सुरू होतो. मे महिन्यात डोंगर उघडे असतात, माती दिसते, झाडांना पानं नाहीत. हिरवी दिसतात ती आंब्याचीच झाडं. मग वस्त्या दिसायला लागल्या, एकेक घर लांब लांब, आणि प्रत्येक घराच्या कौलांवर, अंगणात, खडकावर काहीतरी पांढरं पसरलेलं. नसरीन म्हणाली, "तोच. आमचूर." साऱ्या रस्त्याला आंबट वास होता. जीपमध्ये बसल्या बसल्या तोंडाला पाणी सुटत होतं.

धडगाव

तालुक्याचं गाव असलं तरी धडगाव छोटं आहे. सरकारी कचेऱ्या, एक मोठा बाजाररस्ता आणि जीपचा तळ. इक्बालभाईंनी हंगामापुरती एक शेड घेतली होती आणि तिच्या मागे दोन खोल्या. रात्री खरंच चादर लागली. सकाळी शेडसमोर डोंगरातून आलेल्या बायका-पुरुषांची रांग असायची. टोपल्या, पोती, गाठोडी. इक्बालभाई मूठभर काप उचलायचे, मोडून बघायचे, पांढरेपणा बघायचे आणि भाव सांगायचे. कुणी मान हलवायचं, कुणी गाठोडं पुन्हा बांधून चालायला लागायचं.

तिथेच दुसऱ्या दिवशी वनिता आली. केतकीपेक्षा चारेक वर्षांनी मोठी असेल. जवळच्या पाड्यावरची पावरा मुलगी, शहाद्याला वसतिगृहात राहून बी.कॉम. करते. इक्बालभाईंनी ओळख करून दिली ती अशी: "ही वनिता. माझं दुकान बंद पाडणार आहे."

वनिता हसली. "काका, दुकान बंद नाही करायचं. फक्त आमच्या बायकांना दुसरं एक दुकान पाहिजे."

तिने पाड्यावरच्या बायकांचा गट केला होता. सगळ्यांचा आमचूर एकत्र करायचा, प्रतीप्रमाणे वेगळा करायचा आणि बाहेरच्या मसालेवाल्यांना थेट विकायचा. मला नवल वाटलं ते इक्बालभाईंचं. आपलं गिऱ्हाईक तोडणाऱ्या मुलीला ते चहा पाजत होते. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "भाभी, हिच्या आजोबांकडून माझ्या अब्बांनी माल घेतला. ती विकणारच आहे, तर नीट विकू दे. चांगला माल आला तर मीही तिच्याकडून घेईन."

वनिताची अडचण वेगळीच होती. शहरातून आलेल्या कुठल्याशा लोकांनी गटाला एक ॲप दिलं होतं. कुणी किती माल आणला ते त्यात भरायचं. पण पाड्यावर नेटवर्क नाही, आणि नेटवर्क नसलं की ते ॲप नुसतं गोल फिरत बसायचं. केतकी पुढे सरकली. "बघू?" तिने फोन हातात घेतला आणि त्या दोघी शेडच्या कोपऱ्यात बसल्या त्या जेवायलाच उठल्या.

पुढचे दोन दिवस आम्ही सकाळी पाड्यावर जायचो. वनिताच्या आईकडे अंगणात चार-पाच बायका कैऱ्या सोलत बसायच्या. मीही बसले. माझे काप जाड होतात म्हणून एकीने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि सोललेल्या कैऱ्या टोपलीत भरायचं काम दिलं. कैरीच्या चिकाने बोटं काळी पडतात, ती आठवडाभर तशीच राहतात. दुपारी नागलीची भाकरी आणि तुरीची आमटी. आमच्या कोकणातली नाचणी ती हीच, पण तिला इथे भेटल्यावर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

केतकीने वनिताच्या फोनवर नेटवर्कशिवाय चालणारी एक साधी नोंद तयार केली. नाव टाका, वजन टाका, प्रत निवडा, की बेरीज तयार. मोठ्या अभिमानाने तिने ती दाखवली. वनिताने चार नावं भरून पाहिली आणि म्हणाली, "छान झालंय. पण यात विकलेलाच माल आहे. ठेवलेला कुठे भरू?"

"ठेवलेला म्हणजे?"

"ही माझी काकी अर्धा माल आत्ता देते आणि अर्धा पावसापर्यंत ठेवते. भाव वाढतो म्हणून. पण ठेवला तर काळा पडायची भीती. म्हणून थोडा ठेवते, सगळा नाही."

केतकीने पुन्हा सगळं उघडलं. दोघींचा वाद चालू झाला. केतकी म्हणायची असं मांडू, वनिता म्हणायची तसं नाही चालणार, मग वनिता स्वतःच काहीतरी सुचवायची आणि केतकी म्हणायची, अरे हो. दोघींचे आवाज चढायचे. कैऱ्या सोलणाऱ्या बायका त्यांच्याकडे बघून हसायच्या. माझी मुलगी भाकरी खाताना बोलत होती, बोलताना खात होती, आणि किती खाल्लं याकडे तिचं लक्षच नव्हतं. माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी नोंद तयार झाली. वनिताची काकी फोनवर वाकली, आपलं नाव बघून खूश झाली आणि पावरीत काहीतरी विचारलं. वनिताने सांगितलं, "ती विचारते, आज विकू की थांबू, हे यात कळतं का?"

केतकीने ती नोंद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. मग म्हणाली, "नाही. ते मला येत नाही अजून."

संध्याकाळी शेडमध्ये चहा पिताना तिने इक्बालभाईंना तोच प्रश्न विचारला. त्यांनी मान डोलवली. "बेटा, मी बाहेरच्या चार बाजारांत फोन करतो. मागच्या सालचा माल किती उरलाय ते विचारतो. आभाळ बघतो. मग थोडा अंदाज, थोडी हिंमत. दोनदा चुकलोय, जोरात चुकलोय. हे सगळं कुणी नीट मांडून दाखवलं असतं तर एकदाच चुकलो असतो."

"हे शिकवतात," केतकी एकदम म्हणाली. "म्हणजे, हे शिकवतात कुठेतरी." तिने फोन काढला. शेडपाशी कसंबसं एक रेघ नेटवर्क असायचं. विद्यापीठाच्या पानावरून तिने त्या मधल्या शाखेचे विषय उघडले आणि वनितासमोर धरले. "तू बी.कॉम. करतेस ना. सांग, यातले खरे विषय कुठले आणि नुसते नावाचे कुठले?"

वनिताने एकेक विषय वाचला. हा मला आहे, हा दुसऱ्या वर्षाला असतो, हा अवघड आहे, यात खरंच काम असतं. दोन विषयांवर ती थांबली आणि म्हणाली, "हे मला पण पाहिजे होते, आमच्याकडे नाहीत." बाकीचे विषय केतकीला माहीत होते: प्रोग्रामिंग, गणित, संख्याशास्त्र. पहिली दोन वर्षं संगणकाच्या मुलांसारखीच. पदवीही अभियांत्रिकीचीच.

"आई," ती माझ्याकडे वळली, "मला कोड लिहायला आवडतं. पण तो कशासाठी लिहायचा हेही मलाच ठरवायचंय. दोन्ही. मला वाटत होतं, मला एक काहीतरी आवडायलाच पाहिजे आणि माझंच चुकतंय."

मी विचारलं, "नाव नवीन आहे. नोकरीचं काय?"

"ते मीही विचारलं स्वतःला. पदवी तीच आहे, बाई, कॉम्प्युटरच्या मुलांबरोबरच मला उभं राहता येईल. आणि नाही जमलं तर जास्तीचं शिकलेलं काही वाया जात नाही."

ती मला रागावली किंवा लाडात आली की 'बाई' म्हणते. मी तिला म्हटलं, "मग ठरलं?"

"ठरलं. सोमवारी शहाद्याला पोचलो की भरते. इथे पान नीट उघडत नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, "बाबांना तू सांग."

वळणावर

सोमवारी सकाळी लवकर निघालो असतो तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. पण वनिताच्या आईने जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि जीप भरेपर्यंत दुपार झाली. नसरीन म्हणाली, काळजी करू नकोस, तीनला घरी.

अर्ध्या घाटात गाड्यांची रांग लागलेली. पुढे वळणावर विजेचे खांब घेऊन येणारा ट्रक आडवा झाला होता, पुढचं चाक कडेच्या चरात. आमचा ड्रायव्हर पुढे जाऊन बघून आला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून शांतपणे म्हणाला, "ट्रक अडकी गया. दोन घंटा तरी लागतीन."

मी घड्याळात पाहिलं; मुदत पाचपर्यंतचीच होती. फोनवर रेघ नाही. नसरीनने ड्रायव्हरला विचारलं, "टावर कोठे भेटस?"

"पुढला वळणवर भेटस. पायी जा, उतारच शे."

आम्ही तिघी निघालो. नसरीनच्या चपलेचा पट्टा तुटला, तिने दोन्ही चपला हातात घेतल्या आणि तापलेल्या डांबरावरून कडेच्या गवतात उतरली. आडव्या ट्रकजवळून जाताना लोक मोठमोठे दगड चाकाखाली लावत होते. त्या वळणाच्या पुढे खाली सगळी सपाटी दिसते, शेतं, लांब कुठेतरी तापी असावी असं वाटणारी चकाकी. केतकी फोन वर धरून पुढे पुढे जात होती. एकदम थांबली. "आलं!"

पान उघडलं. शाखा निवडली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. आणि मग तिचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"ओटीपी. तो बाबांच्या फोनवर गेला. अर्ज त्यांनी भरला होता ना, नंबर त्यांचा आहे."

मी माझा फोन काढला. ती म्हणाली, "तुझ्या फोनला रेंज नाही." खरंच नव्हती. "तू बोल," म्हणून तिने आपला फोन माझ्या हातात द्यायला पुढे केला. मी हात मागे घेतला. का घेतला, मला त्या क्षणी तरी सांगता आलं नसतं. नसरीन हळूच म्हणाली, "बेटा, तूच लाव."

केतकीने फोन लावला आणि आवाज मोठा केला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. तिकडे दुकानातला खडखडाट. मग बाबांचा आवाज: "हॅलो? कोण, केतकी?" ते इतक्या घाईने बोलले की मला रडू आलं.

"बाबा, तुमच्या फोनवर एक नंबर आलाय. तो सांगा मला."

"कसला नंबर? कुठे आहात तुम्ही? आई कुठाय?"

"आई इथेच आहे. आम्ही बऱ्या आहोत. घाटात ट्रक अडकलाय. बाबा, मी शाखा निवडली."

खडखडाट थांबला. त्यांनी कुणाला तरी मोटार बंद करायला सांगितली असावी. "कॉम्प्युटर?"

"कॉम्प्युटर आहे. पण नुसतं नाही. ती मधली शाखा."

"अगं, ना धड इंजिनिअर, ना धड व्यापारी! दोन दगडांवर पाय ठेवून कुणी..."

"बाबा, तुम्ही मोटार बांधता. तांब्याची तार कधी घ्यायची, कुठल्या शेतकऱ्याला थांबवायचं, कुणाची मोटार आधी करायची, हेही तुम्हीच ठरवता. यातलं तुमचं खरं काम कुठलं?"

केतकीने फोन तोंडाजवळ धरला. "मला हे दोन्ही येतं असं नाही म्हणत मी. दोन्ही शिकायचंय. इथे एक ताई आहे, तिच्याबरोबर मी दोन दिवस काम केलं. मला ते इतकं आवडलं, बाबा. आणि मला काय येत नाही तेही कळलं."

"तुझं तू ठरवलंस? की आईने सांगितलं?"

"माझं मी."

"हं," ते म्हणाले. मग, "चष्मा कुठे ठेवला मी... थांब." आणि मग एकेक आकडा, मधे थांबत थांबत, मीटरचं वाचन घेतल्यासारखा.

केतकीने भरला. पानाने सांगितलं, मुदत संपली.

"बाबा, संपला तो. दुसरा मागवते."

"म्हणजे? मी चुकीचा वाचला?"

"नाही नाही, तुम्ही बोलत बसलात ना."

"मी बोलत बसलो!" ते ओरडले, आणि त्यांचं ते ओरडणं नेहमीचं, घरातलं होतं. नसरीनने तोंडावर पदर घेतला. दुसरा नंबर आला. या वेळी त्यांनी तो धडाधड वाचला. केतकीने अंगठ्याने दाबलं. पांढरं वर्तुळ फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि हिरवी खूण आली.

"झालं, बाबा."

"झालं?"

"झालं."

"बरं. पाणी पीत जा तिकडे. ऊन वाईट असतं म्हणतात." आणि फोन बंद.

केतकी कठड्यावर बसली आणि रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. नसरीन आमच्या समोर अनवाणी उभी, दोन्ही हातांत चपला, आणि सारखी म्हणत होती, "शुकर आहे, शुकर आहे." इतक्यात मागून लोकांचा आरडाओरडा आला. ट्रक निघाला होता. गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. आमची जीप खाली आली, ड्रायव्हरने न थांबता दार उघडलं आणि आम्ही चालत्या गाडीत चढलो. माझ्या खांद्यावर डोकं टेकून केतकी झोपली ती शहादा येईपर्यंत. किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक.

प्रकाशा

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. इक्बालभाई म्हणाले, तापीकाठचं प्रकाशा बघितल्याशिवाय जायचं नाही. तिथले एक केळी पिकवणारे शेतकरी, पाटील, त्यांचे जुने मित्र. त्यांच्याकडे आंब्याचा रस आणि मांडे ठरले होते.

सकाळीच पोचलो, ऊन चढायच्या आत. देवळाखालच्या पायऱ्या उतरून तापीत पाय सोडून बसलो. मी समुद्राकाठचं माणूस, नदी मला नेहमी फार गप्प वाटते. त्या दिवशी ते गप्प असणं बरं वाटलं. यात्रेकरू डुबक्या मारत होते. नसरीनने पाण्यात हात घालून डोळ्यांना लावला. केतकी वनिताला फोनवर काहीतरी पाठवत होती. मला कळलं की आपण कितीतरी दिवस दात आवळून वावरतोय. जबडा दुखत होता आणि दुखतोय हे आजवर माहीतच नव्हतं.

पाटलांच्या घरी त्यांच्या पत्नी लताभाभी चुलीवर उलटं खापर ठेवून मांडे करत होत्या. मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण दोन्ही हातांवर फिरवून फिरवून उपरण्याएवढी मोठी केलेली, आणि खापरावर टाकली की क्षणात तयार. आमच्याकडे पोळपाटावर जेवढी मावते तेवढी पोळी. इथे पोळपाटच नाही, हातच पोळपाट. मी करून बघायला मागितलं. माझ्या हातावरची पोळी मधे फाटली आणि कोपरापर्यंत पुरण आलं. लताभाभींनी ते खरवडून घेतलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, तुम्ही खा."

वाढता वाढता त्यांनी केतकीला विचारलं, "पोरी, तू काय शिकाले जाई ऱ्हायनी?"

केतकीने ते लांबलचक नाव एका दमात सांगितलं.

"म्हणजे काय व्हस ते?"

केतकीने रसाची वाटी खाली ठेवली. "म्हणजे मावशी, तुमची केळी कुठे, कधी, कितीला विकायची हे ठरवायला मदत करेल असं यंत्र बनवायचं. आणि यंत्र बनवायच्या आधी तुम्हाला काय पाहिजे ते तुम्हाला विचारायचं."

लताभाभींनी तिच्या वाटीत आणखी रस ओतला. "बरं शे," त्या म्हणाल्या. "आते मांडा खाय. थंडा व्हई जाई."

ती खायला लागली. इक्बालभाई आणि पाटील केळीच्या भावावरून बोलायला लागले. चुलीचा धूर खिडकीतून बाहेर जात होता. मी रसाची वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि कुणी आग्रह करायच्या आत आपणच आणखी एक मांडा मागून घेतला.